बी उगवतं हो, रोप टिकत नाही! (वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते की घरात वाढवलेली रोपं तहानेने जेवढी मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात, आणि त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून फक्त बी रुजवणं आणि लहान रोपं एवढंच घेतलंय. काही जण चिडलेले पण आहेत, "मग काय रोपांना उपाशी ठेवायचं का?" असं एकांनी विचारलंय. नाही हो, तसं नाही. एकाच विषयावरचे बरेच प्रश्न होते, त्यातला एकेक निवडलाय.

प्रश्न: ताई, मिरचीचं बी पेरून आज नऊ दिवस झाले, ट्रेमध्ये काहीच हालचाल नाही. रोज थोडंसं उकरून बघते, बी तसंच्या तसं. शेजारच्या ट्रेमधले टोमॅटो सहाव्या दिवशीच वर आले. बी खराब निघालं का?

आधी ते उकरणं थांबवा बघू! बी रुजताना आधी मूळ बाहेर येतं, पानं नंतर, आणि ते मूळ मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं असताना नख नुसतं लागलं तरी मोडतं. म्हणजे जी उगवणार होती ती पण तुम्ही बघता बघता घालवताय. अगदीच राहवत नसेल तर माझी युक्ती करा, पेरतानाच त्यातल्या चार बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून एका झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि तो डबा ट्रेशेजारीच ठेवायचा. काय ती चौकशी डब्यात करायची, ट्रेला हात लावायचा नाही.

आता नऊ दिवसांचं. मिरची मुळातच निवांत. माती 25 ते 30 अंश सेल्सियस असेल तर आठ-दहा दिवसांपासून पुढे उगवायला लागते, काही जाती दोन आठवडे सहज घेतात, आणि माती 15-16 अंशांवर असेल तर तीन आठवडे वाट बघा, किंवा बघूच नका, कारण तोवर बऱ्याच बिया कुजून गेलेल्या असतात. टोमॅटोला एवढी ऊब लागत नाही म्हणून तो पुढे गेला. मी "माती" म्हणतेय, खोली नाही, हे लक्षात घ्या, कारण ओल्या मातीतून पाणी उडत असतं आणि त्यामुळे ती खोलीच्या हवेपेक्षा एक-दोन अंश गारच असते, भिंतीवरचा थर्मामीटर 24 दाखवत असला तरी बीला 22 च मिळत असतात. साधा थर्मामीटर मातीत खुपसून बघा एकदा. कमी निघालं तर ट्रे उबदार जागी हलवा, रोपांसाठीची हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची ऊब देणारी चटई) मिळते ती असेल तर उत्तमच. उजेडाची काळजी आत्ता नको, मिरचीला उगवायला तो लागत नाही. उगवली की मात्र त्याच दिवशी उजेडात, उद्यावर ढकलायचं नाही.

आणि एक विचारू का, ट्रे चिकचिकीत ओला तर नाही ना? बी पाणी पिऊन फुगली की तिचा श्वास सुरू होतो, तिला हवा लागते. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या तर बी गुदमरते. शेतीतला "वाफसा" हा शब्द मला फार आवडतो, ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती, ट्रेमध्ये पण तोच हवा. ट्रेमधली मूठभर माती दाबून बघायची, गोळा झाला पाहिजे पण बोटांतून पाणी ठिबकायला नको.

प्रश्न: उगवतात सगळी, पण चार दिवसांत दोऱ्यासारखी लांब होतात, पांढुरकी दिसतात, खिडकीकडे मान टाकतात आणि पडतात. खिडकीत भरपूर उजेड आहे. आता हे वाचवायचं कसं?

सगळ्यात जास्त पत्रं याचीच होती, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

"भरपूर उजेड आहे" हे आपल्या डोळ्यांचं मत झालं, आणि डोळे या बाबतीत अगदीच बेभरवशाचे. बाहेर भर उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो आणि घरात खिडकीपासून चार पावलं आत आलं की काही शेच उरतो, पण डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते आणि आपल्याला दोन्ही ठिकाणी "छान उजेड" वाटतो. रोपाला बाहुली नाही. त्याला वाटतं आपण अजून मातीखालीच आहोत किंवा कुणाच्या तरी सावलीत अडकलोय, मग ते पानं वाढवायची सोडून सगळी ताकद दांडा लांब करण्यात घालवतं. जन्मतानाची शिदोरी तेवढीच असते, ती संपली की कोसळतं. मान खिडकीकडे वळण्याचंही कारण आहे, अंधाराच्या बाजूचा दांडा जास्त लांबतो आणि रोप उजेडाकडे वाकतं. चार्ल्स डार्विन आणि त्याच्या मुलाने गवताच्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घालून बघितलं होतं, टोक झाकलं की कोंब वाकेचना, म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. ही 1880 च्या आसपासची गोष्ट, आणि आपण अजून ट्रे रोज फिरवून प्रश्न सुटला असं समजतो! फिरवल्याने रोप सरळ लांब होतं एवढंच.

उपाय म्हणजे दिवा. पांढऱ्या एलईडीची ट्यूब चालते, जांभळाच दिवा पाहिजे असं काही नाही. ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर लावा, छताला लावलेली ट्यूब धरायची नाही, आणि रोज 14 ते 16 तास चालू ठेवा, रात्री बंद. रोपं वाढतील तसा दिवा वर सरकवायचा. टायमर लावला तर बरं, नाहीतर मी करायचे तसं होतं, रात्री विसरायचं आणि सकाळी उठून आधी दिव्याकडे पळायचं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे ऊब. उगवेपर्यंत जी ऊब हवी होती तीच उगवल्यावर वैरी होते, कारण गरम हवा आणि कमी उजेड ही जोडी रोपाला सगळ्यात जास्त ताणते. अर्ध्याहून जास्त बिया उगवल्या की झाकण काढा, हीट मॅट बंद करा, जागा थोडी गार असली तरी चालेल, 18 ते 21 अंश झकास.

आता लांब झालेली वाचवायची कशी, ते झाडावर आहे. टोमॅटो असेल तर काहीच बिघडलं नाही, दुसऱ्या कुंडीत लावताना दांडा बीजपत्रांपर्यंत (म्हणजे सगळ्यात आधी उघडणाऱ्या पानांच्या जोडीपर्यंत) मातीत गाडा, टोमॅटोच्या दांड्यालाच मुळं फुटतात. काकडी, भोपळा वर्गातली रोपं अशी गाडू नका, दांडा कुजायची भीती असते. लेट्यूस वगैरे असेल तर सरळ परत पेरा, पाच दिवसांत नवीन येतात, त्या काडीवर जीव टाकण्यात अर्थ नाही.

आणि हो, दिवसातून एक-दोनदा रोपांवरून हलकेच हात फिरवत जा. हसू नका, त्याने दांडा आखूड आणि जाड होतो. मार्क जॅफ नावाच्या शास्त्रज्ञाने 1973 मध्ये स्पर्शाने होणाऱ्या या बदलाला एक लांबलचक नाव पण दिलंय, थिग्मोमॉर्फोजेनेसिस. बाहेर वारा हे काम करतो, घरात वारा नाही म्हणून आपला हात किंवा लांब ठेवलेला छोटा पंखा.

प्रश्न: काल रात्री बघितली तेव्हा रोपं मस्त उभी होती आणि सकाळी उठून बघतो तर एका कोपऱ्यातली सगळी आडवी. पाणी कमी पडलं असेल म्हणून लगेच दिलं, तर दुपारपर्यंत अजून पडली.

दादा, पाणी देऊन तुम्ही नकळत रोगालाच मदत केलीत. पडलेलं एक रोप हातात घेऊन खिडकीशी जाऊन बघा, पानं अजून हिरवी असतील, पण दांडा जिथे मातीतून बाहेर येतो तिथे एखाद मिलिमीटरचा भाग पाणचट, तपकिरी, चिमटीत धरून पिळल्यासारखा बारीक झालेला दिसेल. याला रोपं कोलमडणे म्हणतात, इंग्रजीत डॅम्पिंग ऑफ. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशी बुरशी आणि बुरशीसारखी मंडळी यामागे असतात, आणि त्यातल्या पिथियमचे बीजाणू चक्क पोहतात, त्यांना एका रोपापासून दुसऱ्यापर्यंत जायला मातीत पाण्याचा थर लागतो. तो तुम्ही दुपारी पुरवलात.

पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यावर वेळ घालवू नका. तो कोपरा मातीसकट चमच्याने काढून टाका, आजूबाजूची सेंटिमीटरभर चांगली दिसणारी पण काढा (मनावर दगड ठेवून), झाकण असेल तर काढा, पंखा लावा आणि वरची माती कोरडी दिसेपर्यंत पाणी बंद. उरलेली वाचली तर वाचली. दालचिनीची पूड भुरभुरवायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, मी पण करून बघितलाय, पण माझा त्यावर फारसा भरवसा नाही, ट्रे ओलाच ठेवून वर पूड टाकली तर काही होत नाही आणि ट्रे कोरडा ठेवला तर पूड लागत नाही.

पुढच्या वेळी मात्र सुरुवातीपासून सांभाळा. बागेतली माती घरातल्या ट्रेमध्ये आणू नका. जुने ट्रे आधी साबणाने घासा आणि मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून ठेवा, नंतर स्वच्छ धुवा. हे मी कुणाकडून शिकले? माझ्याकडूनच. एका वर्षी कंटाळा केला, मागच्या वेळचा ट्रे नुसता झटकून परत भरला आणि पिटुनियाची जवळजवळ सगळी रोपं तीन दिवसांत गेली, त्यातही गंमत अशी की ज्या कोपऱ्यात आदल्या वर्षी पडली होती तिथूनच सुरुवात. आणि दाट पेरू नका, चिमटीने भुरभुरवलेलं बी केसांसारखं दाट उगवतं, तिथे हवाच खेळत नाही.

पाणी खालून द्यायचं. ट्रे दुसऱ्या उथळ भांड्यात ठेवायचा, त्या भांड्यात बोटाच्या एका पेराएवढं पाणी, पंधरा-वीस मिनिटांत वरची माती गडद झालेली दिसते, की ट्रे उचलायचा आणि उरलेलं पाणी ओतून द्यायचं. परत कधी द्यायचं ते वार लावून ठरवू नका, ट्रे उचलून वजन बघा. कोरडा ट्रे हाताला किती हलका लागतो ते एकदा कळलं की मग बाकी काही बघावं लागत नाही.

प्रश्न: टिश्यू पेपरात रुजवलेल्या बियांच्या मुळांवर पांढरी लव आलीये. बुरशी समजून मागच्या वेळी सगळ्या फेकल्या. बरोबर केलं ना?

अरेरे. बहुतेक चांगल्या बिया फेकल्यात. कोवळ्या मुळाला बारीक केस येतात, पाणी शोषायचं काम तेच करतात आणि ते दिसतात अगदी बुरशीसारखे. ओळखायचं असं की पाण्याचा बारीक फवारा मारा, मूळकेस असतील तर ओले होऊन मुळाला चिकटतात आणि दिसेनासे होतात, पेपर सुकायला लागला की परत दिसतात. शिवाय ते फक्त मुळाभोवती, सारख्या लांबीचे असतात. बुरशी मात्र जाळ्यासारखी कशीही पसरते, बीच्या सालीवर, कागदावर पण, आणि वास येतो. तशी असेल ती बी काढा, बाकीच्या नव्या कागदावर घ्या. मूळ सेंटिमीटरभर झालं की कागदात ठेवू नका, मुळं कागदात शिरली की सोडवताना तुटतात.

प्रश्न: लेट्यूसचं बी नीट एक इंच खोल पेरलं, एकही आलं नाही. माझा मित्र म्हणतो नुसतं वर टाकायचं. खरं का?

मित्र बरोबर आहे. साधारण नियम असा की बी जेवढी जाड त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल, म्हणजे लेट्यूसच्या बीला इंच म्हणजे विहीरच झाली. त्यात लेट्यूसच्या बऱ्याच जातींना रुजायला उजेड लागतो. 1952 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर आळीपाळीने लाल आणि गडद लाल प्रकाश टाकून बघितला होता, शेवटचा झोत लाल असेल तर बिया उगवायच्या, गडद लाल असेल तर बहुतेक नाही, आधी कितीही वेळा उलटसुलट केलं तरी निकाल शेवटच्या झोतावर. त्यातून पुढे फायटोक्रोम सापडलं, झाडाचं प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की लेट्यूस, पिटुनिया, बेगोनिया यांचं बी ओल्या मातीवर टाकून बोटाने हलकं दाबायचं, झाकायचं नाही, वर पारदर्शक झाकण ठेवायचं म्हणजे सुकत नाही. आणि लेट्यूसला गार लागतं हे पण बघ, माती 30 अंशांच्या वर गेली की बी झोपूनच राहतं, हीट मॅटवर ठेवलं असशील तर तेही कारण असेल.

प्रश्न: कपाटात चार-पाच वर्षांपूर्वीची पाकिटं सापडली, टोमॅटो, कांदा, काकडी. पेरू की टाकून देऊ?

कांदा टाकून द्या, त्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच दम सोडतं. टोमॅटो आणि काकडी चार-पाच वर्षं टिकतात, त्यांची उगवणक्षमता तपासा, दहा बिया ओल्या टिश्यूत, टोमॅटोसाठी दहा दिवस, किती उगवल्या ते मोजा. आठ आल्या तर नेहमीसारखं पेरा, पाच आल्या तर दुप्पट पेरा, दोनच आल्या तर कशाला उगाच. ठेवली कुठे होती यावर पण खूप अवलंबून आहे. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम आहे, बीमधली ओल एक टक्क्याने कमी केली की तिचं आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की परत दुप्पट. म्हणून घट्ट झाकणाची बरणी, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रिजमध्ये. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.

काही बिया मात्र चिवटच. विल्यम बील यांनी 1879 मध्ये मिशिगनमध्ये रानटी झाडांच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्यांमधून पुरल्या आणि ठरावीक वर्षांनी एकेक उकरायची असं ठरवलं. 2021 मध्ये एक उकरली तर 142 वर्षांनी सुद्धा मलीन नावाचं तण उगवून आलं! तण बरं का. कांदा कधी असा वागत नाही.

प्रश्न: बीची टोपी रोपाच्या डोक्यावरच अडकून बसलीये, पानं उघडत नाहीत.

बी फार वर पेरली किंवा हवा फार कोरडी असली की होतं असं. ओढू नका! पाण्याचा एक थेंब टोपीवर ठेवा, तासाभराने परत एक, मऊ झाली की दोन टूथपिकांनी अलगद सरकवा. दोन्ही पानं सोबत तुटली तर ते रोप बहुतेक गेलंच.

प्रश्न: खत कधी सुरू करायचं? कोकोपीटमधली (नारळाच्या काथ्याच्या भुशातली) रोपं पिवळी पडतायत. आणि बारीक काळ्या माश्या पण झाल्यात.

पहिली जी गुळगुळीत जोडी येते ती बीजपत्रं, खरी पानं त्यानंतरची, ज्यांचा आकार त्या झाडाच्या पानासारखा असतो. खऱ्या पानांची पहिली जोडी उघडेपर्यंत बीतल्या शिदोरीवर भागतं. कोकोपीटमध्ये खायला असं जवळजवळ काही नसतं, तेव्हा त्यानंतर आठवड्यातून एकदा पाण्यात विरघळणारं संतुलित खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई. पूर्ण मात्रा दिलीत तर पानांच्या कडा करपतात. फक्त बीजपत्रं पिवळी होऊन गळत असतील आणि वरची पानं हिरवी असतील तर काही करू नका, त्यांचं काम संपलं. पानं खालून जांभळी दिसत असतील तर खत ओतण्याआधी माती गार पडलीये का बघा, गारठ्यात मुळांना फॉस्फरस उचलता येत नाही.

माश्या म्हणजे फंगस नॅट. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात राहतात, बुरशी खातात आणि जमलं तर कोवळी मुळं पण. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद, आणि अळ्यांसाठी वरचा थर सुकू देणं. बघा, परत पाण्यावरच आलो.

प्रश्न: रोपं दुसऱ्या कुंडीत हलवताना अर्धी मरतात, आणि जी जगतात ती बाहेर ठेवल्यावर पांढरी होतात. काय चुकतंय?

दोन वेगवेगळ्या चुका आहेत. हलवताना तुम्ही दांड्याला धरत असणार. पानाला धरायचं, बीजपत्राला. पान फाटलं तर दुसरं येईल, दांडा चेपला तर आतल्या नळ्या चेपल्या. पेन्सिलीने किंवा आइस्क्रीमच्या काडीने खालून मुळांसकट उचलायचं, आधी तयार करून ठेवलेल्या भोकात सोडायचं, माती हलकी लोटायची, ठोकून बसवायची नाही. खऱ्या पानांची एक-दोन जोड्या असताना हलवा, उशीर केलात तर मुळं एकमेकांत गुंततात. काकडीवर्गाला मुळांची छेडछाड सहन होत नाही, ती पहिल्यापासून वेगवेगळ्या कपातच पेरा.

पांढरे डाग म्हणजे ऊन लागलंय. घरात वाढलेल्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो, त्यांना ना ऊन माहिती ना वारा. सात ते दहा दिवस सवय लावायची. पहिल्या दिवशी तासभर, सावलीत, वारा नसेल तिथे, आणि परत आत. दुसऱ्या दिवशी दोन तास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन थोडं, मग हळूहळू वाढवत शेवटी रात्रभर बाहेर, पारा 10 अंशांच्या खाली जात असेल तर मिरची, काकडी, बेसिल यांना आतच घ्या. या दिवसांत मात्र रोपं बाहेर ठेवण्याआधी पाणी नक्की द्या, वाऱ्यात छोटे कप दोन तासांत सुकतात. हो, मीच सांगतेय पाणी द्या म्हणून!

पांढरी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, पण शेंडा हिरवा असेल तर रोप काढू नका, आठवडाभर सावलीत ठेवा, नवीन पानं येतील ती उन्हाला तयार होऊनच येतील.